क्रमांक चार

विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या सात सदस्यांपैकी चारच जण बर्फातून वाट काढत आले. फोनवरून हजेरी चालत नव्हती, पण चारांवर सभा भरवता येत होती; सचिव आणि वकील मोजणीत धरले जात नसत. दार लावून घेताना सचिव वर्ना कोल्स्टाडनं बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. इडा ब्रेमर तिथे उत्तरपत्रिका तपासत बसली होती. आत काय चाललंय ते सांगायची वर्नाला परवानगी नव्हती, म्हणून इडानं विचारलंही नाही.

इडा रसायनशास्त्र शिकवायची. जुन्या वसतिगृहाच्या नळाच्या पाण्यात शिसं किती आहे, हे तिनं तीनदा मोजलं आणि आकडे पालकांना कळवले. पालकांनी विद्यापीठावर खटला भरला. आता तिचा करार संपवायचा तर नोटीस आजच, पंधरा डिसेंबरला, पाचच्या आत तिच्या हातात पडायला हवी होती. नाहीतर करार आपोआप वर्षभर वाढणार होता.

पहिला तास इतर खटल्यांत गेला. एक गृहस्थ आवारात रानहंसांच्या विष्ठेवरून घसरले होते. हंस विद्यापीठाचे की केंद्र सरकारचे, यावर वीस मिनिटं चर्चा झाली. मग इडाचा विषय आला.

"तिचे आकडे चुकलेत का?" म्हातारे उल्सेथ म्हणाले. ते गुरं पाळायचे आणि सभेत फारसं बोलायचे नाहीत.

"आकडे बरोबर आहेत," विद्यापीठाचे वकील क्विग्ली म्हणाले. "सूर चुकला."

"आकड्यांना सूर असतो होय?"

"उल्सेथ, रस्ता बंद व्हायच्या आत मला निघायचंय," अध्यक्षा डॉसन म्हणाल्या.

मतदान उघड सभेत घ्यावं लागे, पण कर्मचाऱ्यांची नावं घ्यायची नसत. म्हणून प्रत्येकाला क्रमांक. यादी सकाळीच बदलली होती. क्रमांक दोनच्या डीननं आठ वाजता राजीनामा दिला आणि खालचे सगळे एकेक पायरी वर सरकले. इडा चारवरून तीनवर आली. क्विग्लींचा स्वतःचा करारही संपत होता. ते पाचवरून चारवर आले. वर्नानं नवी यादी प्रत्येकापुढे ठेवली होती. क्विग्लींनी मात्र जुनीच हातात धरली, कारण तिच्या समासात त्यांची टिपणं होती.

दार उघडलं. एक बातमीदार आत येऊन बसला. इडा बाकावरच राहिली.

"क्रमांक चारचा करार पुढे चालू ठेवू नये," क्विग्लींनी ठराव वाचला, "आणि तशी नोटीस आजच द्यावी."

वर्नाचं पेन थांबलं. "क्रमांक चार?"

"चार. तीननंतर येतो तो. लिहा."

"यादी सगळ्यांनी बघितलीत ना?"

"बघितली," डॉसन म्हणाल्या. त्यांच्या यादीवर कॉफीचा कप होता.

उल्सेथनी मात्र यादी डोळ्यांजवळ नेऊन वाचली, आणि सगळ्यांत आधी हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. पुढचा विषय क्विग्लींचा स्वतःचा, म्हणून नियमाप्रमाणे ते बाहेर गेले.

"क्रमांक पाच," म्हणत डॉसननी कप उचलला. "पाच कुठाय?"

"पाच नाहीये मॅडम," वर्ना म्हणाली. "चारच आहेत."

"मग आत्ता आपण कोणाला..." त्यांचं बोट चारवर जाऊन थांबलं. बातमीदार भराभर लिहू लागला. "ठराव मागे घ्यायचा. घेता येतो ना?"

"येतो. परत मतदान करून."

"वर्ना," उल्सेथ म्हणाले, "मतदानाला माणसं किती लागतात गं?"

"चार."

"आणि आपण किती आहोत?"

वर्नानं मोजायचं नाटक केलं नाही. "चार."

उल्सेथनी टोपी डोक्यावर ठेवली. "गुरांना वैरण टाकायचीय."

"खाली बसा, उल्सेथ."

"बसलो असतो हो. पण गुरं कोरमबिरम मानत नाहीत."

डॉसन कोट न घालताच त्यांच्यामागे पार्किंगपर्यंत गेल्या. म्हाताऱ्याचा ट्रक पहिल्याच फटक्यात सुरू झाला. नवी सभा बोलवायची तर अठ्ठेचाळीस तास आधी सूचना लावावी लागे, आणि सव्वाचार वाजून गेले होते. मंजूर झालेला ठराव बजावणं हे सचिवाचं काम. वर्नानं नोटीस टाईप केली, शिक्का मारला आणि ती बाहेर आली.

क्विग्ली इडाच्याच बाकावर, मध्ये हातभर जागा सोडून बसले होते. वर्नाच्या हातातलं पाकीट बघून ते उठले आणि तिला इडापर्यंत जाता यावं म्हणून अदबीनं बाजूला झाले.

"मनाला लावून घेऊ नका," ते इडाला म्हणाले. "यात वैयक्तिक काही नसतं."

इडानं लाल पेनाला टोपण लावलं.

वर्नानं पाकीट क्विग्लींपुढे धरलं. "इथे सही करा, वकीलसाहेब. आणि वेळही टाका."