गरुडाचा कौल

खाडीकाठच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. वर चार पंख्यांचा सोनेरी गरुड घिरट्या घालत होता आणि खाली आमचं शहाणं गाव हात जोडून उभं होतं.

"पंखे नव्हेत बालकांनो, चार वेद फिरतायत!" नभोनाथ महाराज माइकवर गरजत. शेजारी त्यांचा शिष्य झोळीत दोन्ही हात घालून, गरुडावर टक लावून जप करी.

खाली उतरला की गरुड पडद्याआड 'जेवायला' जाई. मग एकेकाने आत जाऊन कौल लावायचा; प्रश्न विचारला की शिष्य गरुडाच्या पंखाखालची पिन जोडी. गरुड पीं पीं करून आकडा सांगे. आकडा बाहेर बोललात तर कौल उलटेल, ही महाराजांची ताकीद. आमच्याकडे देवळातला कौलही कुणी चारचौघांत बोलत नाही, त्यामुळे ती लगेच पटली.

गावातल्या हिरामणची मुलगी प्राप्ती शाळकरी पोर, रोज इन्शुलिनच्या सुईवर जगणारी. औषध सोडलं तरच गरुड पावतो, असं महाराज सांगत. "तिची सुई किती दिस बंद ठेवू?" त्या बापाने गरुडाला विचारलं आणि त्याच दिवसापासून सुई थांबवली. दुसऱ्या दिवशी पोर वर्गात ओकली, पाणी पाणी करू लागली. विज्ञानाच्या सुचिताबाई तिला दवाखान्यात न्यायला निघाल्या, तर हिरामण आडवा आला.

"कौल मोडला तं पोर जाईल, बाई!"

"मग चल, त्या गरुडालाच विचारू."

पोरीला शाळेत दुसऱ्या बाईंजवळ सोपवून दोघं मैदानात आली आणि येताच बाईंनी पडदा ओढून खाली पाडला. "महाराज, सगळ्यांसमोर विचारा. बैलाला पाय किती?"

"देवाची परीक्षा घेतेस, मूढ स्त्रिये?"

"सोपाच हाय की, विचारा ना!" भागुबाई गर्दीतून ओरडली.

महाराज माइक सोडून मागे सरकले. बाईंनी पंखाखालची पिन स्वतःच जोडली. पीं. पीं. पीं.

"तीन? म्हंजे आमचा बैल लंगडा काय?" भागुबाई म्हणाली. "अन् मना नातू किती होतील इचारलं, तं तेपन तीनच सांगलं!"

"मना पन तीन!" "मनापन!"

बाईंनी गरुड उलटा केला. थर्माकोल, सोनेरी कागद, चार मोटरी. "प्रत्येक मोटरीचा वेग सांभाळायला एकेक छोटी पेटी आहे आणि चारही पेट्या एकाच बॅटरीवर आहेत. ती पिन लावून बॅटरी जोडली की पेट्या तिच्यातले सेल मोजतात आणि मोटरींतूनच आवाज काढतात. सेल तीन, म्हणून पीं तीन. जेवण म्हणजे बॅटरी बदलणं. रिमोट त्या झोळीत."

वायरिंग मात्र नेटकं होतं. तीन पेट्यांची लाल वायर काढून टेप लावलेली, म्हणजे रिमोटचा हुकूम घेणाऱ्या रिसीव्हरला वीज चौथ्या पेटीतूनच मिळावी. मेल्यांना अक्कल होती, आणि ती अशी वापरली!

हिरामण हे ऐकायला थांबलाच नाही. मोटरींची पिपाणी ऐकताच तो पोरीकडे धावला होता. अलिबागच्या डॉक्टरांनी प्राप्तीला वाचवलं, पण जेमतेम.

देव खुशाल माना. पण औषध बंद करायला सांगणारा कोणीही असो, त्याचं उत्तर आधी चारचौघांत बोला, ताडून बघा. आम्ही आपापले आकडे पहिल्याच दिवशी एकमेकांना सांगितले असते, तर त्या पोरीची सुई एक दिवसही चुकली नसती.