चोरून घेतलेला श्वास

क्लेमेंटने चपला काढल्या आणि इतरांच्या चपलांपासून जरा लांब, भिंतीला टेकवून ठेवल्या. त्यांच्या तळाला वाडीतली ओली माती होती. दोन मजले चढून त्याला धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत तो दारातच उभा राहिला आणि समोरच्या भिंतीवरचं चित्र पाहत असल्यासारखं दाखवू लागला. चित्रातला माणूस कमळावर मांडी घालून बसला होता. त्याच्या पोटात, छातीत आणि कपाळावर रंगीत चक्रं काढलेली होती.

"या, या. डाबरे ना? डॉक्टर फेबियननी सांगितलं होतं मला."

हे जगन्नाथ सर. रेल्वेतून निवृत्त होऊन वसई रोडला राहायला आले होते. स्टेशनच्या बाजूला तेव्हा नव्या इमारती उठू लागल्या होत्या. त्यांतल्याच एका सोसायटीच्या हॉलमध्ये ते सकाळी योगवर्ग घेत. हॉलमध्ये उदबत्तीचा वास होता. चटयांवर बसलेली सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत होती. बँकेतली, विमा कंपनीतली, मुंबईला नोकरी करणारी. बायका सलवार-कमीजमध्ये होत्या आणि हलक्या आवाजात बोलत होत्या.

क्लेमेंटच्या अंगातही पांढरीच पँट होती, पण ती बँडच्या गणवेशातली. पांढरे कपडे घालून यायचं असं कळल्यावर त्याच्या बायकोने, एमिलीने, ट्रंकेतून तीच काढली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंची लाल पट्टी रात्री बसून उसवली होती. पट्टी गेली तरी सुईच्या भोकांच्या दोन ओळी कमरेपासून घोट्यापर्यंत दिसत होत्या.

"सणाला परत लावायला लागेल ती," तो म्हणाला होता.

"लावू की," एमिली म्हणाली होती आणि पट्टीचे तुकडे गुंडाळून तिने कुठेतरी ठेवून दिले होते.

क्लेमेंट शेवटच्या रांगेत, खिडकीखाली बसला. गळ्यातला क्रूस त्याने बनियनच्या आत सरकवला. मग कुणी बघितलं तर काय वाटेल असं वाटून बाहेर काढला. मग पुन्हा आत सरकवला.

ओंकार सुरू झाला. क्लेमेंटने ओठ घट्ट मिटून घेतले. म्हणावं की नाही हे फादरना विचारायचं राहून गेलं होतं, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे एकाचाही सूर दुसऱ्याशी जुळत नव्हता. पुढच्या रांगेतले गृहस्थ सगळ्यांच्या खाली होते. त्यांच्या शेजारची बाई वर चढत चढत भलतीकडेच निघाली होती. इतकी वर्षं बँडमध्ये काढलेल्या क्लेमेंटला ते ऐकवेना. तो डोळे मिटून ते संपायची वाट पाहत राहिला.

तो इथं आला होता तो कॉर्नेटसाठी, तुतारीसारख्या त्या पितळी वाद्यासाठी. त्याच्या गावच्या, गिरीजच्या बँडमध्ये पहिला कॉर्नेट त्याचा होता, त्याच्या आधी त्याच्या वडिलांचा. लग्नात नवरा-नवरीला चर्चमधून घरी आणताना, मयताच्या मागून चालताना, गावच्या चर्चच्या सणाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे तो असे. पण अलीकडे त्याचा श्वास पुरत नव्हता. लांब सूर आला की तो अर्ध्यावर सोडायचा, गाल फुगलेले ठेवायचा, बोटं खालीवर करत राहायचा. मागून त्याचा पुतण्या फर्डिनंड तो सूर उचलून धरायचा. दोघं त्याबद्दल कधी बोलले नव्हते. मग एका लग्नात चालता चालता त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्याला एका अंगणातल्या कठड्यावर बसावं लागलं. ऊन लागलं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

डॉक्टर फेबियननी छाती तपासली, फोटो काढून आणायला लावला, आणि तो खिडकीकडे धरून पाहिला.

"कॉर्नेट बंद," ते म्हणाले.

"सणापर्यंत तरी, डॉक्टर. नंतर बघू."

"बंद म्हणजे बंद."

"दुसरा काहीच उपाय नाही?"

डॉक्टर वैतागले. "श्वासाचा व्यायाम करा. योगवर्गाला जा. बरं वाटेल. पण वाजवायचं नाही."

क्लेमेंटने घरी येऊन एमिलीला फक्त योगवर्गाचं सांगितलं.

पहिल्या दिवसाचा प्राणायाम सुरू झाला तेव्हा सर सावकाश आकडे मोजू लागले. सगळ्यांनी श्वास रोखला होता. हॉल अगदी शांत होता. क्लेमेंटच्या छातीत लगेच धडधडायला लागलं. कानशिलं तापली. सर अजून मोजतच होते. त्याने नाकावरची बोटं तशीच ठेवली, ओठांच्या कोपऱ्यातून गुपचूप हवा आत ओढली आणि चेहरा होता तसाच शांत ठेवला. ही युक्ती त्याला सवयीची होती.

थोड्या वेळाने त्याच्या खांद्यावर हात पडला. सर वाकून अगदी हळू बोलले. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

"चोरून घेऊ नका, डाबरे. लागला की उघड घ्या. इथं परीक्षा नाही."

क्लेमेंटचा चेहरा लाल झाला. त्याने तोंड उघडलं आणि श्वास घेतला. मोठा आवाज झाला, मग खोकला आला आणि तो थांबेना. पुढच्या रांगेतल्या एकदोघांनी वळून पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. एवढंच झालं.

वर्ग सुटल्यावर जिन्यात एका बाईंनी त्याला गाठलं. त्यांचं नाव प्रेमलता, नवरा बँकेत.

"खोकला जुना दिसतो तुमचा. आहार बदलून बघा. आम्ही तर कांदा-लसूणसुद्धा सोडलंय. तुम्ही मासे खाता का?"

"मिळाले तर," क्लेमेंट म्हणाला.

त्याच्या पिशवीत त्या वेळी रिकामा डबा होता. परत जाताना बाजारातून बोंबील न्यायचे होते. प्रेमलताबाईंनी मान हलवली. हा माणूस सुधारण्यातला नाही अशी त्यांची खात्री झालेली दिसली.

एस.टी.त बसल्यावर त्याने ठरवलं की उद्यापासून यायचं नाही. ती भाषा आपली नव्हे. तिथं बोलताना प्रत्येक वाक्य शाळेतल्या पुस्तकासारखं जुळवावं लागतं. मांडी घालून बसलं की गुडघा वर राहतो. गावातल्या कुणी पाहिलं तर विचारतील, आणि न पाहिलं तरी विचारतीलच.

तरी दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचं कारण त्याला नीट सांगता आलं नसतं.

पुढच्या काही आठवड्यांत त्याचा गुडघा खाली आला नाही. श्वासही फारसा वाढला नाही. ओंकाराच्या वेळी तो मनातल्या मनात 'नमो मरिये' ही मरियामातेची प्रार्थना म्हणायचा. बेसूर गृहस्थ बेसूरच राहिले. प्रेमलताबाई त्याला कधी भोपळ्याच्या रसाबद्दल सांगायच्या, कधी गव्हाच्या कोंड्याबद्दल. तो ऐकून घ्यायचा. सर मोजायला लागले की सगळ्यांत आधी त्याचं तोंड उघडायचं, आवाज करत, आणि कुणीही वळून पाहायचं नाही.

एकदा प्रेमलताबाईंनी विचारलं, "तुम्ही करता काय, डाबरे?"

"बागायत आहे. केळी. थोडी फुलं."

"वा. छान."

बस्स. तेवढ्यावर भागलं. गावात त्याला असं कधी उत्तर द्यावं लागत नसे. गावात सगळ्यांना तो काय करतो ते माहीत होतं. विहिरीवर, दुकानात, चर्चबाहेर कुणीही हटकायचं, काय क्लेमेंट, यंदा मिरवणुकीला नवीन चाल कोणती? आणि तो हसून म्हणायचा, ऐकाल तेव्हा कळेल. त्या हसण्यालाही आता दम लागत होता. इथं मात्र कुणीच त्याला कधी वाजवताना ऐकलं नव्हतं. या माणसांच्या लेखी तो खिडकीखाली बसणारा, लवकर दमणारा केळीवाला होता, आणि त्यात काही गैर आहे असं त्यांना वाटत नव्हतं. आपण या हॉलमध्ये परके आहोत म्हणून तो पहिल्या दिवशी अवघडला होता. आता चटई पसरताना त्याला वाटे, परकेच आहोत ते बरं.

सण पंधरवड्यावर आला तेव्हा फर्डिनंड संध्याकाळी घरी आला. ओट्यावर बसून बराच वेळ त्याने पावसाचं, केळीच्या भावाचं काढलं. एमिली चहा देऊन आत गेली.

"काका, रविवारपासून प्रॅक्टिस ठेवायची म्हणतायत."

"ठेवा."

"तुम्ही येणार ना?"

क्लेमेंट उठला. आतल्या खोलीतून तो कॉर्नेटची पेटी घेऊन आला आणि पुतण्याच्या शेजारी ठेवली. फर्डिनंडने पेटीकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

"पुढे तू उभा राहा," क्लेमेंट म्हणाला. "मला श्वास पुरत नाही."

हे वाक्य त्याने मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं होतं. म्हणून झाल्यावर त्याने फर्डिनंडकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडच्या केळींकडे. पानं हलत होती. बाकी काहीच झालं नाही.

"मला ठाऊक होतं," फर्डिनंड खाली बघत म्हणाला.

"ते मलाही ठाऊक होतं."

"मागून वाजवायला भीती वाटत नव्हती, काका. चुकलं तरी लोकांना तुम्हीच दिसायचात."

"आता तू दिसशील. चुकशीलही. त्याने सण काही मोडत नाही."

फर्डिनंडला हसू आलं. पेटी छातीशी धरून तो निघाला. वाटेवर दोनदा थांबून त्याने तिची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं. एमिली दारात येऊन उभी होती.

"ती पट्टी मी टाकून दिली," ती म्हणाली. "मागेच."

"डॉक्टर भेटले होते तुला?"

"बाजारात."

क्लेमेंटने मान हलवली. तो पुन्हा ओट्यावर बसला. बशीत ओतलेला चहा गार झाला होता, तरी त्याने तो चवीने प्यायला.

सणाच्या दिवशी त्याने साधी पँट आणि इस्त्रीचा शर्ट घातला. मिरवणूक चर्चमधून बाहेर पडली तेव्हा तो एमिलीबरोबर रस्त्याच्या कडेला गर्दीत उभा होता. बँड त्याने आजवर आतूनच ऐकला होता. आत असताना कानांत फक्त स्वतःचा सूर आणि मागचा ड्रम असतो. बाहेरून तो असा एकत्र, एखाद्या मोठ्या प्राण्यासारखा चालत येतो हे त्याला माहीत नव्हतं. अंगणाअंगणातून लोक पुढे सरकले. मुलांना खांद्यांवर घेतलं गेलं. फर्डिनंड सगळ्यांच्या पुढे होता. कान लाल झाले होते, डोळे सरळ समोर. एका वळणावर त्याचा सूर किंचित घसरला. क्लेमेंटची बोटं हलली. सूर पुन्हा जागेवर आला.

क्लेमेंटच्या शेजारी काठी टेकून निकोलसबाबा उभे होते. राजोडीहून लेकीकडे सणाला आलेले. मोतीबिंदूने त्यांना आता माणसं ओळखू येत नसत. ते मान तिरकी करून ऐकत होते.

"क्लेमेंट आज मोकळा वाजवतोय," ते कुणा एकाला उद्देशून नव्हे, असंच म्हणाले. "गेली दोन वर्षं दमल्यासारखा वाटायचा. मी म्हटलं, झालं काय पोराला."

क्लेमेंटने तोंड उघडलं. एमिलीने लुगड्याचा पदर ओठांशी नेला आणि त्याच्याआधी तीच बोलली.

"हो ना, बाबा. आज बरा वाजवतोय."

"आजारी होता की काय?"

"होता जरा. आता बरं आहे."

"देव पावला," म्हातारा म्हणाला. मिरवणुकीमागून लोक चालू लागले तसा त्याने हात पुढे केला आणि कोणाचा ते न विचारता क्लेमेंटचा दंड धरला. दोघं निघाले. चढ आला तेव्हा दोघंही थांबले आणि तोंड उघडून, आवाज करत त्यांनी श्वास घेतला. बँड पुढच्या वळणावर गेला होता. त्याला गाठायची घाई दोघांनाही नव्हती.