थरथरणारा सान राफाएल

संध्याकाळचे सात वाजले आणि आजार बरे करणाऱ्या संताची, सान राफाएलची, प्लास्टरची मूर्ती थरथरायला लागली. गळ्यातली माळ खुळखुळली, हातातला मासा हलला. एदुविहेसबाईंच्या ओसरीवर अख्खी वस्ती गुडघ्यांवर आली.

"बघा! पोरीचं फेफरं संताने अंगावर घेतलंय!" वैदू तेलेस्फोरोने मूर्तीवर तोंडातल्या रमची पिचकारी मारली. निम्मी रम घशात गेली. "रोज सकाळ-संध्याकाळ तो तिच्यासाठी थरथरतो. आता गोळी घेतली तर त्याचा अपमान! आणा त्या गोळ्या, समुद्रात टाकतो."

एदुविहेसबाईंनी नातीच्या गोळ्या त्याच्या हातात दिल्या. ती नात, छोटी यानेलिस, मूर्तीच्या वेदीपाशी उभी होती. वैदूच्या सांगण्यावरून दोन दिवस औषध बंद होतं आणि सकाळपासून तिच्या डाव्या हाताला झटके येत होते.

मी मागे, आंब्याला टेकून. आयुष्य शाळेच्या ग्रंथालयात गेलं. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. शंका आली होती, पण माझ्या शंकांवर माझाच फारसा विश्वास नाही. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून मीच यानेलिसला माझा जुना बटणांचा फोन दिला होता, गोळीच्या वेळांचा गजर लावून. वर्गातली मुलं हसतात म्हणून तिने आवाज बंद करून नुसती थरथर ठेवली होती. चार-पाच दिवसांपूर्वी तो फोन हरवला.

"आता उद्या सकाळपर्यंत संत शांत," वैदू म्हणाला.

मी खिशातल्या खिशात तिचा नंबर लावला.

संत थरथरला.

"हा... हा वरचा आशीर्वाद!" वैदू चाचरला.

मी फोन कट केला. संत थांबला. पुन्हा लावला. थरथरत थरथरत संत वेदीच्या कडेला आला. "अगं धरा, पडतोय!" म्हणत बाया धावल्या. यानेलिसने वेदीवरचं कापड उचललं.

"माझा फोन! मोदेस्तोआजोबा फोन करतायत!"

सगळे वळले. मी झाडाआड व्हायला बघत होतो.

एदुविहेसबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, मीच ठेवला की तो! ज्याची काळजी वाटते ते संताच्या पायाखाली ठेवायचं, हे आईने शिकवलेलं. म्हटलं, तो पोरीच्या औषधाची आठवण ठेवील. आणि विसरले!"

"त्याने ठेवली की, आजी! रोज दोनदा!" फ्रोइलान न्हावी म्हणाला. "तुम्हालाच कळेना!"

"संत फोनमधूनही..." वैदू सुरू झाला.

"गोळ्या दे इकडे, मेल्या!" एदुविहेसबाई ओरडल्या.

पेरूच्या रसाबरोबर यानेलिसने गोळी गिळली. मगच मी खिशातल्या फोनवरचा हात काढला.

तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. मूर्ती हलली तर आधी कापडाखाली बघा. डॉक्टरला विचारल्याशिवाय मुलाचं औषध कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. संताला नमस्कार जरूर करा. फक्त गोळी पोटात गेल्यावर.