साडेसात बोटं

“हे एवढं मोठं कर,” म्हणत तोआकासे आत्यांनी दोन्ही हात पसरले. तेवढ्याने भागेना म्हणून त्या खुर्चीतून उठल्या, भिंतीपासून दुकानाच्या दारापर्यंत चालत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, “तिथपासून इथपर्यंत. सहा मीटर. कमी चालणार नाही.”

त्यांचा फोन माझ्या टेबलावर होता. त्यात चर्चच्या बँडचा गेल्या नाताळातला फोटो. चौतीस माणसं, तीन रांगा, सगळे पांढऱ्या कोटात. शेवटच्या रांगेत, सगळ्यांत मोठ्या पितळी भोंग्याच्या मागे, एक कपाळ आणि दीड डोळा दिसत होता. तो केपुएली, आत्यांचा भाचा. परवा सकाळी परसात नारळ सोलता सोलता गेला. वय अठ्ठेचाळीस.

मी फोटो संगणकावर घेतला आणि मोठा करत गेले. कपाळाचे चौकोन झाले. आणखी मोठा केला, तर डोळ्याच्या जागी तीन काळपट चौकोन उरले आणि नाक कुठे गेलं ते कळेना.

“आत्या, हा नाही व्हायचा.”

“का? मशीन बिघडलंय?”

“मशीन ठणठणीत आहे. फोटोतच काही नाही.”

“नाही कसं? मला तर दिसतोय.”

हेच. बावीस वर्षं मी इथे टोंगात, नुकुआलोफात, बॅनर छापते आहे आणि बावीस वर्षं हेच ऐकते आहे. लग्नं असतात, एकविसावे वाढदिवस असतात, पण चारातले तीन बॅनर मेलेल्यांचे. आमच्याकडे माणूस गेला की कुंपण काळ्या-जांभळ्या कापडाने मढवायचं आणि त्यावर त्याचा घराएवढा चेहरा लावायचा. नाही लावला तर लोक म्हणणार, याचं कोणी नव्हतं वाटतं. जिवंतपणी धड फोटो कोणी काढत नाही. मग मुलगी ऑकलंडहून एक पाठवते सिडनीच्या मावशीला, मावशी तो परत इथे धाडते, आणि फोनाफोनांतून झिजत झिजत नखाएवढा होऊन तो माझ्यापुढे येतो. समजावायला गेलं की वर ऐकायचं, लेसिएली, तू तर शिकलेली आहेस.

“दुसरा एखादा?” मी विचारलं.

“त्सुनामीच्या लाटेने नेले. घरच नेलं, तिथे फोटोंचं काय घेऊन बसलीस?”

“ओळखपत्र?”

“तेही गेलं. नवं काढ, नवं काढ म्हणून मी घसा बसवून घेतला. म्हणायचा, मला इथे ओळखत नाही असं आहे कोण?”

“आणि फोन त्याच्याकडे बटणांचा,” दारातून फिलिमोने म्हणाला. हा केपुएलीचा चुलत भाऊ, आत्यांना ट्रकमधून घेऊन आला होता. “त्यावर फक्त आत्याच्या शिव्या यायच्या.”

आत्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो गुपचूप ट्रकमध्ये जाऊन बसला.

आमच्याकडे आत्याचा शब्द शेवटचा. मयताच्या उशाशी बापाची थोरली बहीण बसते, आणि पाद्रीसुद्धा प्रार्थना लांबवायची की आटपायची ते तिच्या तोंडाकडे बघून ठरवतो. तोआकासे आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. काळा झगा, कमरेला सुतकात गुंडाळायची बारीक विणीची चटई, हातात पंखा. “त्याला पाचला आणतायत,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आधी बॅनर लागला पाहिजे. तोवर मी इथून हलत नाही.” आणि खरोखरच प्लास्टिकच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या. तेव्हा दहा वाजले होते.

मी त्यांच्या कमरेकडे बोट दाखवलं. “आत्या, फोटो या चटईसारखा असतो. चौकोनाला चौकोन जोडलेला. पिक्सेल म्हणतात त्यांना. जेवढे विणले तेवढेच. आता ही चटई चौघांनी धरून अंगणाएवढी ताणली तर काय होईल?”

“फाटेल.”

“तेच होतंय.”

“चटई ताणतं का कोणी?” आत्या म्हणाल्या. “मोठी हवी असली तर मोठी विणायला घेतात. तू शिकलेली ना? वीण की मग.”

तशी सोय असते, हीच तर पंचाईत. व्हेक्टर. त्यात चौकोन नसतात, रेघा असतात. इथून निघ, अशी वळ, तिथे थांब, एवढंच मशीनला सांगायचं. मग नखाएवढं छापा नाहीतर बेटाएवढं, कड तशीच्या तशी धारदार. अक्षरं, दुकानांची चिन्हं मी त्यातच करते. पण चेहऱ्याची रेघ काढायची तर कुठे वळायचं ते कोणीतरी सांगावं लागतं. फोटो सांगत नव्हता. म्हणजे मला माहीत असायला हवं होतं.

आणि माहीत असायलाच हवं होतं. केपुएली अठरा वर्षं माझ्याकडे कामाला होता. चौकटी ठोकायचा, बॅनर ताणायचा, कुंपणावर चढवायचा. गावात असं मेलेलं माणूस नसेल ज्याला त्याने वर चढवलं नाही. तयार झालेला बॅनर आधी परदेशातल्या नातेवाइकांना दाखवावा लागतो. त्यासाठी मागच्या अंगणात चौकट उभी करायची, मागे पिंपावर चढून केपुएलीने ती वरून धरायची आणि मी समोरून फोटो काढायचा. दर वेळी वरच्या काठावर त्याची बोटं दिसायची. दर वेळी मी ओरडायची, “केपुएली, बोटं खाली घे!”

मागून आवाज यायचा, “खाली घेतली तर पडेल, ताई.”

एकदा ऑकलंडहून एका बाईने विचारलं, आमच्या बाबांच्या डोक्यावर ही कुणाची बोटं चालतायत? मी केपुएलीला चांगलं फैलावर घेतलं, तर तो मागच्या मागे इतका हसला की बॅनरवरचे बाबाही हलायला लागले. तेव्हापासून मी फोटो पाठवण्याआधी वरचा काठ कापून टाकायची.

मी रेघा काढायला बसले. कपाळ जमलं. भुवया अंदाजाने टाकल्या. जबडा रुंद होता की निमुळता? कान चिकटलेले की बाहेर आलेले? अठरा वर्षं रोज सकाळी मला चहा देणारा माणूस आणि मला त्याचे कान आठवेनात. मी आत्यांना विचारलं, नाक कसं होतं?

“आजोबांसारखं.”

“आजोबांना मी कुठे पाहिलंय?”

“मग काय पाहिलंस तू?” त्यांनी पाव चहात बुडवला आणि खात बसल्या.

मी जबडा तीनदा पुसला. फिलिमोने मध्येच येऊन म्हणाला, ओठ जाड कर. केले. मग म्हणाला, नको, होते तेच बरे होते. माझी पाठ भरून आली, मान अवघडली, आणि दोन वाजता पडद्यावर एक चेहरा पूर्ण झाला. एक रेघ डळमळीत नव्हती. सहा काय, साठ मीटर छापला असता तरी फाटला नसता. मी खुर्ची बाजूला सरकवली.

आत्यांनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

“चांगला दिसतोय,” त्या म्हणाल्या. “पण कोण आहे हा?”

माझा तोल गेला. “आत्या, मग मला फोटो आणून द्या! अठ्ठेचाळीस वर्षांत घरच्यांनी त्याचा एक धड फोटो काढला नाही, आणि मला विचारताय कोण आहे म्हणून?”

आत्यांशी आमच्याकडे असं बोलत नाहीत. फिलिमोने दारात खांबासारखा उभा राहिला. आत्यांचा पंखा थांबला.

“अठरा वर्षं कॅमेरा तुझ्या हातात होता, पोरी,” त्या म्हणाल्या. आवाज चढवलासुद्धा नाही.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. उगाच काहीतरी करायचं म्हणून मी जुन्या बॅनरांचे फोटो उघडले. कापलेले नव्हे, मूळचे. बाराशेवर होते. एखाद्यात तरी तो पिंपावरून उतरताना सापडेल, अशी वेडी आशा. एकेक पुढे सरकवत गेले. पाद्री, शिक्षिका, बोटीवरचा खलाशी, दोन महिन्यांचं बाळ. केपुएली कुठेच नव्हता. आणि प्रत्येकात होता. वरच्या काठावर, चार बोटं इकडे, चार तिकडे.

एक फोटो मी मोठा केला. चौकोन झाले नाहीत. मोठ्या कॅमेऱ्याचा फोटो, नेम नेमका बॅनरवर धरलेला, म्हणून बोटंही काचेसारखी स्वच्छ. नखांत अडकलेला काळा रंग दिसत होता. अंगठीच्या बोटावरचा भाजल्याचा डाग दिसत होता. डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापाशी संपत होतं. गवत कापायच्या मशीनने ते नेलं तेव्हा तो विशीत होता. आणखी मोठं करायची गरजच नव्हती. बोटं बोटांएवढीच हवी होती.

“आत्या,” मी म्हटलं, “जरा इकडे या.”

त्या आल्या. वाकून पडद्याजवळ गेल्या. सुरकुतलेलं बोट काचेवर ठेवून एकेक मोजत गेल्या. “एक, दोन, तीन...” तुटक्या बोटापाशी थांबल्या. “साडेसात,” असं म्हणाल्या आणि तिथून हात उचलेनात. सकाळपासून त्या रडल्या नव्हत्या. आता पंखा तोंडावर धरून रडल्या. मीही रडले, लपवलं नाही.

मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, “आणि चेहरा?”

“चेहरा नाही आत्या. माझ्याकडे नाही. खोटा मी लावणार नाही.”

सहा मीटरच्या कुंपणावर चेहरा नसलेला बॅनर, गावात कधी कोणी पाहिला नव्हता. लोक बोलणार होते, आणि आत्यांनाच बोलणार होते.

“राहू दे,” त्या शेवटी म्हणाल्या. “त्याला इथे ओळखत नाही असं आहे कोण?”

मी चेहरा पुसून टाकला. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत फक्त नाव घेतलं. केपुएली. ते रेघांचं, कुठेही न फाटणारं. आणि वरच्या काठावर, मधोमध, मूळ मापाची बोटं. चारला मशीनमधून बॅनर बाहेर आला तेव्हा शाई ओली होती.

साडेचारला आम्ही घरी पोचलो. कापड लावून झालं होतं, परसात चुली पेटल्या होत्या, भोंगे पुसत बँडची माणसं कुंपणाशी बसली होती. आत्या घरात जाऊन त्यांच्या जागेवर बसल्या. फिलिमोनेने दोन्ही टोकांना खिळे मारले, पण मधला भाग पोक काढून झुकत होता. तिथे मागून कोणीतरी धरायला हवं होतं. सगळ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणाला पाहतायत ते सगळ्यांनाच कळलं, आणि मग कोणी कोणाकडे पाहिना.

मी परसातलं एक पिंप लोटत आणलं आणि चढले. त्रेपन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, पण चढले. बॅनरचा काठ वरून धरला.

मागून काही दिसत नाही. पांढरी पाठ, उन्हात उमटलेली उलटी अक्षरं, पुढून माणसांचे आवाज. अठरा वर्षं त्याला इथून एवढंच दिसत असणार, आणि वर माझं ओरडणं. काठाशी त्याच्या बोटांच्या सावल्या कापडातून दिसत होत्या. माझी बोटं त्यांच्या शेजारी आली होती. पुढून पावलं जवळ आली. बँडमधलं कोणीतरी हलकेच म्हणालं, “हा तर केपुएली.” रस्त्याच्या टोकाला गाडीचा आवाज आला.

“लेसिएली!” पलीकडून फिलिमोने ओरडला. ऑकलंडला पाठवायला तो फोटो काढत होता. “तुझी बोटं दिसतायत. जरा खाली घे.”

“खाली घेतली तर पडेल,” मी म्हटलं, आणि तशीच धरून उभी राहिले.