भिंतीवरचे डाग

"खांदा उचलू नकोस. बोटं वर जाऊ दे," रंगारी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला.

"खांदा कुणाचा आहे? माझा. तुम्ही चहा प्या गप्प," त्याची बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

संध्याकाळची ही वेळ दोघांच्याही आवडीची. खिडकी उघडी, रेडिओवर कुणीतरी हलक्या आवाजात गात असायचं. दिवसभर शिडीवर उभा राहिलेला रंगारी पाय स्टुलावर टाकून बसायचा आणि बायको उजव्या हाताच्या बोटांनी भिंत चढायची. इस्त्रीच्या दुकानात वर्षानुवर्षं जड इस्त्री ओढून तिचा खांदा असा आखडला होता की हात छातीच्या वर जाईना. दवाखान्यातल्या व्यायामवाल्या बाईंनी सांगितलं, रोज भिंतीवर बोटं चढवा, मुंगी चढते तशी. तेव्हापासून मुंगी रोज चढत होती.

तिला खांद्यापेक्षा अंबाड्याचं दुःख मोठं होतं. एका पिळात बसणारा, पिनेशिवाय दिवसभर जागचा न हलणारा तिचा अंबाडा गल्लीत प्रसिद्ध होता. आता तो नवऱ्याच्या हाती पडला होता. जन्मभर लोकांच्या खडबडीत भिंती गुळगुळीत करणाऱ्या माणसाने बायकोच्या केसांपुढे हात टेकले होते. त्याने घातलेला अंबाडा स्वयंपाकघरात जाईपर्यंत टिकला तरी नशीब. असलं डोकं घेऊन ती चारचौघांत जायला तयार नव्हती. "माझा अंबाडा मला घालता येईल त्या दिवशी कामावर जाईन," असं तिने दुकानाच्या मालकांना कळवलं होतं. मालकही भला माणूस, पण त्यांनी उलट निरोप धाडला होता की महिनाअखेरपर्यंत थांबतो, मग मात्र दुसरी बाई बघावी लागेल.

रंगाऱ्याला अंबाडा येत नव्हता, पण तिचे केस विंचरायला फार आवडत होतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला तर नाहीच नाही.

त्याला सोसत नव्हती ती फक्त भिंत. खांद्याला तेल चोळून ती व्यायामाला उभी राहायची आणि तेलकट बोटांचे डाग दिव्याच्या बटणापासून वर वर चढत गेले होते. लोकांची घरं लखलखीत आणि रंगाऱ्याच्या घरी दिव्याखाली अंधार. बघवेना, पण बोलायची सोय नव्हती.

मग एक दिवस ती बहिणीकडे गेली आणि त्याने संधी साधली. भिंत साबणाने धुतली, घासली, उरलेला पांढरा रंग काढला. एक हात दिला, वाळू दिला आणि संध्याकाळी दुसरा हात देऊन ब्रश धुवायला ठेवला. आता येईल, बघेल, खूश होईल, असं मनाशी म्हणत त्याने चहाचं आधणही ठेवलं.

ती आली आणि दारातच थबकली.

"माझे डाग कुठे गेले?"

"पुसले. बघ कशी आरशासारखी झालीय."

"पुसले?" ती पिशवी टाकून भिंतीपाशी गेली. "अहो, बटणाशेजारी होता तो पहिल्या दिवसाचा. त्या दिवशी रडले होते मी. मग रोज एकेक बोटभर वर. परवाचा सगळ्यात उंच होता. आता कुठवर आले होते ते कुणाला विचारू?"

रंगाऱ्याचा चेहरा उतरला. डाग दिसला की पुसायचा, एवढंच त्याला आयुष्यभर ठाऊक. या डागांकडे बघून बायको रोज उभी राहत होती, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

"परत कर डाग," तो म्हणाला. "मी हात लावणार नाही. शपथ."

"रंग ओला आहे."

"असू दे. लाव हात."

उभा जन्म लोकांच्या पोरांवर 'हात लावू नका रे, ओलं आहे' म्हणून ओरडण्यात गेलेला माणूस हे बोलत होता. तिने रागारागाने तळवाच भिंतीवर टेकवला आणि वर सरकवला. ओल्या रंगावर पट्टा उमटत गेला. खांद्यात कळ आली तशी ती थांबली.

"इथवर नव्हते मी. जास्त वर होते. खाली आणलंत मला," ती म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता.

नेमका तेव्हाच सकाळी नवऱ्याने घातलेला आणि दिवसभर पदराखाली कसाबसा जपलेला अंबाडा सुटला आणि सगळे केस तोंडावर आले.

"आणि हा एक तुमचा अंबाडा!" ती कडाडली. दोन्ही हात डोक्यामागे नेऊन तिने केस गोळा केले, एक पीळ दिला, टोक आत खोचलं आणि पुढचं सुनावायला कमरेवर हात ठेवले.

रंगारी तिच्याकडे नुसता बघत होता.

"काय झालं?"

"हात," तो म्हणाला. "उजवा."

तिने उजवा तळवा पुढे धरला. पांढरा होता. डाव्या हाताने अंबाडा चाचपला, तोही रंगाने ओला लागला. ती खुर्चीत बसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखलं का गं?"

"आता दुखतंय. रागात कळलंच नाही." तिने डोळे पुसले, त्यामुळे गालालाही रंग लागला. "उद्या मालकांना सांगा, सोमवारी येते."

त्याने चहाचं आधण उतरवून कोमट पाण्याची बादली भरली. ती मोरीत स्टुलावर वाकून बसली.

"रंग धुवायचा तर अंबाडा सोडावा लागेल," तो चाचरत म्हणाला. "सोडू?"

"सोडा की. परत घालता येतो मला."

त्याने अंबाडा सोडला. एकेक बट हातात घेऊन तो सावकाश चोळू लागला. त्याला आनंद झाला होता, अगदी खरा. पण उद्यापासून फणी आपल्या हातात येणार नाही, हेही त्याच्या मनात आलं. त्याने आणखी एक तांब्या ओतला.

"निघाला का?" तिने खालूनच विचारलं.

"अजून आहे थोडा."

तिने पायाशी वाहणारं पाणी बघितलं. ते केव्हाच नितळ झालं होतं.

"अहो, ते माझे पांढरे केस आहेत."

"असतील," तो म्हणाला. "पण नीट कळत नाहीय."

"मग चोळा," ती म्हणाली आणि तिने मान आणखी खाली केली.