खोटा उन्हाळा

मित्रांनो, मी पागेतला एक जुना दिवा आहे आणि आयुष्यभर मी एकच खोटे बोलत आलो. उन्हाळा आला, एवढेच ते खोटे. ज्यांच्याशी बोललो त्यांनी दरवेळी माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणूनच म्हातारपणी ते सांगून टाकावेसे वाटते.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. ठोकून ठोकून माझी टोपी घडवली, तिच्यावर बाहेरून हिरवा आणि आतून पांढरा रंग चढवला, आणि घोड्याने तोंड मारले तरी फुटू नये म्हणून खाली तारेची जाळी बसवली. माझ्या पोटात किती बल्ब आले आणि गेले, मी मात्र तोच राहिलो. माझ्या भाऊबंदांपैकी कुणी गिरणीत गेले, कुणी रेल्वेच्या फलाटावर. मी शर्यतीचे घोडे जन्माला घालणाऱ्या एका पागेत आलो. मालकांच्या वडिलांनी स्वतः शिडीवर चढून मला मधल्या ठाणावर, म्हणजे घोडे बांधायच्या जागेवर, टांगले, दोरी खाली सोडली आणि म्हणाले, "हा आमचा सूर्य." तेव्हा मी फुशारून गेलो होतो.

त्या सूर्याची गरज का पडली ते सांगतो. आमच्याकडच्या शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो, एक जानेवारीला. शिंगरू, म्हणजे घोडीचे पिल्लू, जानेवारीत जन्मो की मे महिन्यात, पुढच्या एक जानेवारीला ते कागदावर एक वर्षाचे होते आणि त्यापुढच्या एक जानेवारीला दोन वर्षांचे. दोन वर्षांचे झाले की शर्यतीत उतरायचे. मग जानेवारीतले शिंगरू मे महिन्यातल्यापेक्षा थोराड दिसणार, लिलावात सगळ्यांचे डोळे त्याच्याकडेच जाणार. म्हणून प्रत्येकाला शिंगरू जानेवारीत हवे असते. घोडीला मात्र ते पटत नाही. ती अकरा महिने गाभण राहते, आणि दिवस मोठे झाल्याशिवाय मुळात माजावरच येत नाही. खऱ्या सूर्याला घाई करता येत नाही, तेव्हा मला लावायचे. डिसेंबर लागला की दिवस मावळताना माझी दोरी ओढली जाई आणि माणसांची जेवणे उरकेपर्यंत मी पागेत दिवस चालू ठेवत असे. घोडीला वाटे, उन्हाळा आला. बिचारी फसे आणि दोन महिने आधीच तयार होई.

दोरी ओढायचे ते मोतद्दार. घोड्यांना खरारा करणे, चंदीचा दाणा घालणे, लीद काढणे, आजारपणात उशाशी बसणे, सगळे त्यांच्याकडे. त्यांना सारी पागा काका म्हणे, अगदी मालकसुद्धा. माझा उजेड पुरेसा आहे का हे पाहायची काकांची एक रीत होती. हातात वर्तमानपत्र घेऊन ते ठाणाच्या चारही कोपऱ्यांत उभे राहत आणि शर्यतीचे निकाल मोठ्याने वाचत. "ज्या कोपऱ्यात पेपर वाचता येत नाही, तिथली घोडी हिवाळ्यातच राहते," असे ते म्हणत. मावशी नावाची एक करडी घोडी होती. आई मेलेल्या शिंगरांना ती आपले दूध पाजायची, म्हणून ती मावशी. काका वाचू लागले की ती पेपरवर हनुवटी टेकायची आणि काका तिला म्हणायचे, "थांब की, तुझ्याच मुलाचं चाललंय."

त्या पेपरमुळेच मला बाहेरच्या जगाची खबर लागे. सुरुवातीला शर्यतींचे निकाल अख्खे पान भरून येत. आमच्या पागेतला एक घोडा मोठी शर्यत जिंकला, तेव्हा त्याचा फोटो पहिल्या पानावर होता. त्या दिवशी लोकांनी पागा डोक्यावर घेतली आणि मालकांच्या वडिलांनी माझी टोपी आपल्या रुमालाने पुसली. पुढे निकाल अर्ध्या पानावर आले. मग एका कोपऱ्यात, निधनवार्तांच्या शेजारी. मैदानावर आता ओळखीचे चार म्हातारे सोडले तर कुणी फिरकत नाही, असे मालक सांगत. पैज लावणाऱ्यांना फोनवर दुसरे खेळ मिळाले होते आणि मैदानाच्या जागेवर इमारती बांधणाऱ्यांचा डोळा होता. आमच्या पागेत एका हंगामाला तीस शिंगरे होत. ती अकरावर आली, मग चारवर. माझ्या टोपीवर कोळ्यांनी संसार थाटले आणि जाळीला गंज चढला.

जे घोडे पळेनासे झाले त्यांचे पुढे काय झाले, हे मला नक्की ठाऊक नाही. दारात ट्रक येई, फळी लावली जाई, घोडा निमूटपणे चढे. त्या दिवशी काका पेपर वाचत नसत.

मालक वाईट नव्हते हो. घोड्यांवर त्यांचा जीव होता, पण तो जीव कायम घड्याळात अडकलेला. त्यांच्या खिशात एक स्टॉपवॉच असे. घोडा पाणी प्यायला निघाला तरी त्यांचा अंगठा त्यावर जाई. एका नोव्हेंबरात ते उपड्या बादलीवर बसून काकांना म्हणाले, "काका, मावशीचं एक थोराड शिंगरू लिलावात उठलं, तर अजून दोन-तीन वर्षं निघतील. नाहीतर मी कुलूप लावतो. घोड्या ट्रकमध्ये जातील. तुम्ही आणि मी कुठं जायचं, ते बघू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आले आणि त्यांनी दोरी ओढली. डिसेंबर उजाडायला अजून पंधरा दिवस होते. त्यांनी कुणाला विचारले नाही, कुणाला सांगितलेही नाही. पागा वाचावी एवढेच त्यांच्या मनात होते. मीही गुमान लागलो.

मावशी फसली. फेब्रुवारी लागतो न लागतो तोच ती माजावर आली. मालक हरखून गेले. घोड्यांच्या डॉक्टरबाई मात्र म्हणाल्या, "पंधरा दिवस थांबा. ती जरा आधी व्यायली तर पंचाईत होईल."

"अकरा महिने आणि वर दहा दिवस. म्हणजे जानेवारीचा मध्य," मालक म्हणाले. "सगळं बसतंय."

"तुमच्या कॅलेंडरात बसतंय. मावशीनं ते वाचलंय का?"

मालक हसले, थांबले नाहीत आणि त्यांनी मावशीला घोडा दाखवला. डॉक्टरबाईंचे म्हणणे काकांनीही ऐकले होते, पण दोरी ओढल्याचे सांगायला त्यांचे तोंड उघडले नाही.

त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी, एकतीस डिसेंबरला, दुपारी आभाळ भरून आले होते. मावशी ठाणात गोल गोल फिरू लागली. नीट दिसावे म्हणून काकांनी मला लावले. चार वाजून दहा मिनिटांनी शिंगरू झाले. घोडी होती, आईसारखीच करडी होणार अशी, चारही पायांनी धड. काकांनी तिचे नाक पुसले, कान चोळले, आणि मग डोक्याला हात लावून गवतावर बसले. मित्रांनो, तुमच्या लक्षात आले ना? रात्री बारा वाजता ती कागदावर एक वर्षाची होणार होती. पुढच्या वर्षी तिला दोन वर्षांची म्हणणार आणि तिच्या वर्षाच्या कोवळ्या हाडांना दुप्पट वयाच्या घोड्यांबरोबर पळवणार. असे शिंगरू कोण घेईल?

मालक आले. त्यांनी आधी घड्याळ पाहिले, मग शिंगरू. ते दाराला टेकले.

"काका, हे आज झालं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "उद्या पहाटे झालं. डॉक्टरबाईंना मी सकाळी बोलावतो. काही तासांनी कुणाचं काय बिघडतं? हिचं तर भलंच होईल."

आणि ते खरे होते. हीच तर पंचाईत होती. त्या खोट्याने शिंगराचे भले होणार होते, मावशीचे होणार होते, पागा उघडी राहणार होती. खऱ्याने सगळ्यांचेच नुकसान. साक्षीदार दोघेच, काका आणि मी, आणि मला कोण विचारतो? काका मान खाली घालून नुसते शिंगराला पुसत राहिले. जाताना तिच्या कानात म्हणाले, "झोप, आजीबाई. उद्या वर्षाची होशील." तेव्हापासून ती आजीबाईच झाली.

सकाळी डॉक्टरबाई आल्या. त्यांनी शिंगरू तपासले, आईचे दूध पाहिले आणि नोंदणीचा कागद काढून गुडघ्यावर ठेवला. मालक मागे उभे होते, हात खिशात.

"केव्हा झाली, काका?"

काकांनी तोंड उघडले. 'पहाटे' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मी पाहिला. तेवढ्यात बाई पेनाचे टोपण काढता काढता सहज म्हणाल्या, "तुम्ही सांगाल ते लिहिते. या पागेतल्या तीनशे शिंगरांचे कागद तुमच्या शब्दावर झालेत. आई कुठली, बाप कुठला, दिवस कुठला. मी कधी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही."

काकांनी वर माझ्याकडे पाहिले. मग त्यांचा आवाज आला, घोगरा, पण स्पष्ट.

"काल. चार वाजून दहा मिनिटांनी." आणि मालकांकडे वळून, "चूक मावशीची नाही, तुमचीही नाही. मागच्या हिवाळ्यात दिवा मी पंधरा दिवस आधी लावला. न विचारता. पागा वाचवायला निघालो होतो."

डॉक्टरबाईंनी लिहिले. मालक बाहेर गेले आणि पावसाळ्यापर्यंत काकांशी एक शब्दही बोलले नाहीत.

पागा बंद झाली. तीन घोड्या दुसऱ्या पागेने नेल्या. ट्रक आला तेव्हा मावशी आणि आजीबाई राहिल्या होत्या, कारण एक म्हातारी आणि दुसरी कागदावर म्हातारी. काका फळीच्या आडवे उभे राहिले.

"या दोघी मला द्या."

"काय करणार त्यांचं?" मालकांनी विचारले.

"मावशीला मरू देईन आणि हिला वाढू देईन. दोन्ही आपापल्या वेळेला."

मालकांनी ट्रकवाल्याला हाताने परत जा म्हणून खुणावले. मग स्वतः शिडी लावली, वडिलांनी टांगलेल्या मला खाली काढले आणि काकांच्या हातात दिले. "हाही न्या. त्या सकाळी तुम्ही खरं बोललात आणि तेव्हापासून तुमच्याकडे मान वर करून बघता येत नाही मला," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

काकांच्या मुलीची रोपवाटिका आहे. तिच्या मागच्या शेडमध्ये आम्ही राहायला गेलो. जावयांना घोड्यांचे फारसे कौतुक नव्हते, पण लीद पाहून ते खूष झाले. गुलाबाच्या कुंड्यांनी आमचे भाडे फेडले म्हणा ना. मावशी दोन हिवाळे जगली. त्या दोन्ही हिवाळ्यांत मी तिला एकदाही फसवले नाही. एका थंड सकाळी ती गेली तेव्हा काका तिच्या डोक्याशी बसले होते आणि आजीबाई शेजारी उभी होती.

डॉक्टरबाई अधूनमधून येतात. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती कमी कराव्यात, थकलेल्या घोड्यांसाठी कुरणे राखावीत, अशी बोलणी चालू आहेत असे सांगतात. होईल का? त्या खांदे उडवतात. शर्यती राहाव्यात की जाव्यात, हे माझ्यासारख्या दिव्याने काय सांगावे? पण आम्ही सगळ्यांनी मिळून ज्यांना घाई केली ते पाय माझ्याच उजेडात पहिल्यांदा उभे राहिले होते, हे मी विसरू शकत नाही.

आजीबाई आता कागदावर पाच वर्षांची आहे, खरी चारची. तिच्या पाठीवर खोगीर यंदा पहिल्यांदा चढले. परवा संध्याकाळी मालक आले. केस पांढरे झालेत, चाल मंदावलीय. ते कुंपणापाशी उभे राहिले. समोरच्या मोकळ्या रानात आजीबाई चरत होती. कसली लहर आली कुणास ठाऊक, तिने मान वर केली आणि ती पळत सुटली. कुणी चाबूक उगारला नव्हता, कुणी हाकलले नव्हते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत. मित्रांनो, मी शेडच्या तोंडाशीच टांगलेला आहे, मी सगळे पाहिले. असे पळणे मी कधी पाहिले नव्हते. मालकांचा हात खिशात गेला. स्टॉपवॉच बाहेर आले, अंगठा बटणावर टेकला.

ती थांबली तेव्हा काकांनी विचारले, "किती सेकंद लागले?"

"नाही मोजले," मालक म्हणाले, आणि त्यांनी घड्याळ खिशात टाकले.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादे पिल्लू असेल, एखादे रोप असेल, धाकटे भावंड असेल. त्याला ऊन द्या, पाणी द्या, हवे तर रात्री सोबत बसा. पण त्याला माझ्यासारखा खोटा उन्हाळा दाखवू नका. मी पुष्कळांना दाखवला, आणि त्यांची माफी मागायला आता त्यातले कुणी माझ्याजवळ उरलेले नाही.

दिवस मावळला. काकांनी माझ्या उजेडात आजीबाईला चंदी घातली, तिच्या पायांवरून हात फिरवला आणि दोरी ओढून मला मालवले. बाहेर खरा हिवाळा होता, आणि आम्ही त्याला आत येऊ दिले.