काटेंडेच्या चौकोनाखालची रेघ

"सेबो, रागवू नका, पण तक्त्यातली ही पोर तुमची नाही," प्रयोगशाळेत गणितं करणारी बाबिर्ये काटेंडेला आदरानं सेबो म्हणत एका दमात बोलून गेली आणि मग उगाच खिडकीची कडी नीट करत बसली.

काटेंडे शेंगा सोलत होता. बावीस वर्षं तो कंपालातल्या या प्रयोगशाळेत घराण्यांचे तक्ते काढत होता. पुरुष चौकोन, बाई गोल, आंधळ्याला काळा रंग, मेलेल्यावर तिरकी रेघ, मूल असेल तर खाली उभी रेघ. आज टेबलावरचा तक्ता त्याच्याच घराचा होता. आई आंधळी, थोरला भाऊ आंधळा होऊन वारलेला. मुलगी नालुग्वा एकोणीस वर्षांची, अजून तरी डोळस.

"कोण म्हणतं माझी नाही?"

"रक्त म्हणतं. दोन खुणा तुमच्याशी जुळतच नाहीत. त्यामुळे तुमचं अख्खं घराणं गणितातून बाहेर पडतं, आणि बाकीच्या घराण्यांवर पुराव्याचा आकडा दोन पूर्णांक चारवर अडकतो. तीन ओलांडले, तरच आंधळेपणाचा दोष कुठल्या गुणसूत्रावर आहे ते ठामपणे म्हणता येईल. आता तिच्या आईला मी काय तोंडानं विचारू?"

काटेंडे चक्क हसला. "अगं वेडे, त्या बिचारीनं काय घोडं मारलंय! ती माझी भावजय. भाऊ गेला तेव्हा पोर दोन वर्षांची. त्याच्या शेवटच्या क्रियेला वारस म्हणून माझ्या खांद्यावर झाडाच्या सालीचं वस्त्र बांधलं, हाती भाला दिला, पोर मांडीवर बसवली. त्या दिवसापासून बाप मीच."

"मग तक्त्यात काका लिहायचं ना!"

"काका?" त्याला खरंच राग आला. "तू याच मातीतली ना? तुझ्या घरी वारसाला काका म्हणतात?"

"नाही म्हणत," ती खाली बघत म्हणाली. "पण गणिताला कुठलं कळायला, सेबो?"

त्यानं तक्ता जवळ ओढला. "हे बदललं, तर तिच्या डोळ्यांचं कळेल?"

"आकडा चढला तर कळेल. जवळजवळ नक्की."

काटेंडेनं खोडरबर घेतला. आपल्या चौकोनाखालची रेघ त्यानं सावकाश पुसली. भावाच्या काळ्या चौकोनाखाली तीच रेघ पट्टी धरून ओढली. त्याला आणि बायकोला मूल झालं नव्हतं, त्यामुळे आता त्याच्या चौकोनाखाली काहीच उरलं नाही. 

दुपारी उत्तर आलं. तीन पूर्णांक दोन. बाबिर्येनं आनंदानं टाळी वाजवली, खालची नालुग्वाच्या नावाची ओळ वाचली आणि कागद उलटा ठेवला.

"नालुग्वात तो दोष आलाय?" त्यानं विचारलं.

तिनं होकारार्थी मान हलवली. "सोमवारी बोलावू तिला. डॉक्टर समजावून सांगतील."

"डॉक्टर नको," काटेंडे उठला. "आज मीच सांगतो. बापानंच सांगायचं असतं."

टेबलावरचा खोडरबराचा चुरा त्यानं तळहातानं गोळा केला, केराच्या टोपलीत टाकला आणि टोपी घेऊन घराकडे निघाला.